गाठ बांधणाऱ्याने मागे उभं राहायचं

सप्टेंबरात इथे ओमानात, अल हैलला, घराबाहेर पाऊल टाकलं की आधी चष्मा जातो. एसीतून दमट हवेत आलं की काचा पांढऱ्याफटक होतात आणि दाराची चौकट धरून उभं राहावं लागतं. नवी आलेली माणसं यावर हसतात. मी ओढणीने काच पुसते आणि थांबते. समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे, पण या दिवसांत तो थेट घरात येतो. डब्यातलं मीठ गोळा होतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. लोक म्हणतात, सुटलो, उन्हाळा संपला. कसला डोंबलाचा संपतोय! जून ते ऑगस्ट दुपारी उन्हात काम करायला सरकारची बंदी असते, ती उठते इतकंच. ऊन काही सरकारी नोकर नाही, तारीख बघून घरी जायला.

काल गच्चीवर एसीवाला आला होता. केरळचा होता, पन्नाशीचा असेल. मी ताकाचा तांब्या घेऊन वर गेले आणि विचारलं, "खाना खाया?" तो म्हणाला, "खाया मॅडम." "क्या खाया?" असं विचारल्यावर मात्र तो जरा चमकून बघायला लागला. मग पराठा आणि अंडं सांगितलं. तो पुन्हा यंत्रावर वाकला तशी मी त्याच्या पाठीकडे बघितलं. शर्ट ओलाचिंब होता. मग मी निवांत खाली आले. आमचे हे म्हणाले, "अगं, तो काय ढोल वाजवायला आलाय का?" आणि एवढं म्हणून पेपर उघडून बसले. आमच्या घरात सप्टेंबरात काही वाक्यं अशी अर्धवट राहतात.

आमचं पथक होतं. ढोल-ताशा पथक, ओमानात. आता ऐकायला गंमत वाटते, पण गणपती जिथे जाईल तिथे ढोल मागून जातोच. इथे रस्त्यावर मिरवणूक नाही, त्यामुळे वाजवायचं ते बरकाच्या एका मजऱ्यात. मजरा म्हणजे शेत, उंच भिंतींच्या आतलं. मालक ओमानी म्हातारा, मोठा उमदा माणूस. त्याला सगळे अर्बाब म्हणत. तो खुर्ची टाकून ऐकत बसे, मान हलवी, आणि बांग व्हायची वेळ आली की हात वर करून म्हणे, "खलास." की आम्ही खलास. दुपारच्या असरच्या बांगेनंतर आणि सूर्यास्ताच्या मगरिबच्या आधी, या दोन बांगांच्या मधलं जे काय ऊन उरे ते आमचं. कडेला खजुराची झाडं, त्यांच्या बुडाशी राहिलेला चिकट खजूर, त्यावर माश्या, आणि मधोमध आम्ही मोरया मोरया करणारे. देवाला सगळं चालतं.

पथकाचे प्रमुख नाना. सीबच्या एका वर्कशॉपात फोरमन होते, मूळचे वाईकडचे. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते आदल्या वर्षी बोललेलंच. ताल काही फार भारी नव्हता आमचा, खोटं कशाला बोलू. दमट हवेत ढोलाचं चामड्याचं पान सैल पडे, आवाज भदभद येई. पण नानांनी एक रीत घालून दिली होती, ती मी दुसऱ्या कुठल्या पथकात बघितली नाही. ढोल कमरेला बांधतात तो लांब कापडाने, शेला म्हणायचो आम्ही त्याला. त्याची गाठ पाठीवर येते, आणि ती स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. नाना म्हणत, जी बांधता येत नाही ती सोडताही येत नाही, हे आधी डोक्यात घ्या. म्हणून प्रत्येक ढोलवाल्याला एक गाठवाला. कोणाची बायको, कोणाचा रूममेट, कोणाची वयात आलेली मुलगी. गाठवाल्याने गाठ मारण्याआधी विचारायचं, "पोटात काय आहे?" उत्तर पटलं नाही तर गाठ मारायची नाही. आणि मारली तर ढोल उतरेपर्यंत मागून हलायचं नाही. गाठ बांधणाऱ्याने मागे उभं राहायचं.

मागे उभं राहून बघायचं काय? पाठ. पाठ ओली आहे तोवर बरं. उन्हात वाजवणाऱ्याची पाठ सुकायला लागली, मान लाल झाली, पाय ताल सोडून पडायला लागले, की गाठ सोडायची. परवानगी मागायची नाही, त्यालाही विचारायचं नाही. वाजवणारा नेहमी म्हणतो, मला काही होत नाहीये. तो खोटं बोलत नसतो, त्याला कळतच नसतं. नानांच्या हाताखालचा एक मुलगा वर्कशॉपात असा पडला होता म्हणे, त्यानंतर त्यांनी हे ठरवलं. आम्ही आपले मागे उभे, खांद्याला पाण्याच्या पिशव्या, हातात ओली फडकी. दिसायला एकदम गबाळं. लग्नात पंक्तीमागे बायका उभ्या राहतात तसं.

माझा खांदा आखडलेला, त्यामुळे मला ढोल झेपत नसे. आमचे हे ताशा वाजवायचे, त्याला गाठ लागत नाही, तो गळ्यात असतो. म्हणून मला संदेशची गाठ दिली. संदेश मालवणकडचा, एसीचा मेकॅनिक, बरकाला कंपनीच्या खोलीत राहायचा. बायको गावाला, सुवर्णा तिचं नाव. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोघं एकत्र राहिले होते ते फक्त सुट्ट्यांचे दिवस. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर, लोकांना गार करायला. पहिल्या दिवशी मी विचारलं, "पोटात काय आहे?" तर म्हणाला, "वैनी, पोटात पोट आसा." मी गाठ मारली नाही. तो हसला, मी हसले नाही. मग बिचारा मुकाट्याने खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणि दाल खाऊन आला. त्यानंतर कधी मस्करी केली नाही, गाडीतून उतरतानाच वर्दी देई, "वैनी, आज भात आणि बांगडो. चपात्ये नाय गावले."

तीन सप्टेंबर मी त्या पाठीमागे उभी राहिले. माणसाला पाठीवरून ओळखता येतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. त्याच्या डाव्या खांद्याखाली शर्ट आधी भिजायचा. दमला की उजवी टाच जमिनीवर घासायची. खुशीत असला की मान एका बाजूला. दोनदा मी त्याची गाठ वाजवता वाजवता सोडली. दोन्ही वेळा तो चिडला, पाणी प्यायला आणि मग सावलीत बसून म्हणाला, "बरा केलात." त्याच्या चेहऱ्याकडे मी कधी धड बघितलं असेन असं वाटत नाही. रस्त्यात समोरून आला असता तर कदाचित मी पुढे निघून गेले असते.

देशात गादी वारसाने जाते. इथे ती व्हिसाने जाते. तेलाचे भाव पडले आणि जो तो पेट्या बांधायला लागला, त्यात नानाही. वर्कशॉपने सांगितलं, आता पुरे. निरोपाला नानांना शाल दिली, सीबच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, आणलेला हलवा दिला. नाना दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. त्यातलं एक तेच, गाठ बांधणाऱ्याने मागे उभं राहायचं. टाळ्या पडल्या. नाना विमानतळावर गेले, आणि पुढच्या शुक्रवारी पथकाचा प्रमुख पराग झाला.

परागबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये, आणि तरी बोलल्याशिवाय राहवणार नाही. पुण्याच्या एका मोठ्या पथकात तयार झालेला, हुशार, कष्टाळू. त्याने आमचे भदभदणारे ढोल काढून फायबरच्या पानांचे आणले. ताशावाल्यांना कानात घालायला बोळे आणले. आमच्या ह्यांचे कान त्याच्यामुळे शाबूत राहिले, हे मी मान्य करते. प्रथमोपचाराची लाल पेटी आणली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत पथकाचं नाव. नानांच्या काळात पेटीबिटी काही नव्हतं. सुरक्षेवर पराग बोले तितकं कोणी बोललं नसेल. सगळं बोलून झालं की मग तो मोबाईलवर मागच्या वर्षीचा व्हिडिओ लावी.

कारण त्या वर्षी स्पर्धा होती. आखाती पथकांची, आमच्याच मजऱ्यात. दुबईहून दोन पथकं येणार होती, सोहारचं एक. व्हिडिओत पराग बोट ठेवून दाखवी, "हे बघा. पुढे वादन बघा, काय सुंदर चाललंय. आणि मागे हे काय? पिशव्या घेऊन बायका उभ्या. परीक्षकांना हे दाखवलं, ते म्हणाले, स्वच्छ दिसत नाही." स्वच्छ हा त्याचा आवडता शब्द. ठरलं की गाठवाले पुढे खुर्च्यांवर, प्रेक्षकांत बसतील. गाठी बांधायला दोन माणसं नेमली, रांगेने सगळ्यांच्या, एकसारख्या. आणि गाठीचं टोक शेल्याच्या घडीत आत खोचायचं. गाठ दिसता कामा नये.

मी तोंडाची फटकळ आहे, मी बोलले. "पराग, मागे कोणी नको तर नको, पण मग यांच्याकडे बघणार कोण?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, मी पुढून बघतोच आहे ना सगळ्यांकडे." बाकीचे माना डोलवत होते. काही बायकांना तर बरंच वाटलं. उन्हात पिशवी धरून उभं राहण्यापेक्षा साडी नेसून पहिल्या रांगेत बसायचं, फोटोत यायचं. त्यांना तरी काय म्हणायचं! संदेशही म्हणाला, "जावंदे वैनी, एक दिवसाचो प्रश्न. माका काय होवचा नाय." त्या दिवशी सरावाला त्याने भात खाल्ला होता. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.

स्पर्धेच्या शुक्रवारी मजऱ्यात रांगोळी होती, भगवे झेंडे होते, चहाच्या थर्मासांची रांग होती. हवा मुळीच हलत नव्हती. खजुराची पानं चित्रात काढल्यागत. अर्बाब पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात मधल्या खुर्चीवर, त्याच्या नातवंडांनी मोबाईल वर धरलेले. सुट्टीचा दिवस असूनही संदेशला सकाळी कंपनीने बोलावून घेतलं होतं. कुठल्याशा हॉलचं मोठं यंत्र बंद पडलं होतं, तिथे लग्न होतं. सकाळपासून तो पत्र्यावर होता. तिथून थेट आला, कपडे बदलले आणि रांगेत उभा राहिला. पोटात सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, त्याच्या रूममेटकडून. त्या दिवशी त्याला कोणी विचारलं नाही. गाठी बांधणारे दोघे घाईत होते, त्यांना टोकं खोचायची होती.

मी पहिल्या रांगेत बसले होते. नऊवारी नेसले होते, नथ घातली होती, नसती हौस. त्या दिवशी संदेश पहिल्यांदाच मला धड समोरून दिसत होता. दाट भुवया, हनुवटीला खळी. मला वाटलं, अरे, हा असा दिसतो तर. आमच्या पथकाचं नाव पुकारलं. शंख झाला, टोल पडला, आणि मग काय ते वाजलं! खोटं कशाला सांगू, नानांच्या काळात आम्ही असं कधी वाजवलं नव्हतं. सगळे ढोल एका माणसाने वाजवावेत तसे. अंगावर काटा आला माझ्या. परागच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं.

मग तिसऱ्या तालाला संदेश डोलायला लागला. रांगेत सगळे ताठ, हा एकटा मागेपुढे. टिपरू एकदा ढोलावर, एकदा कडेवर. परागने त्याला डोळ्यांनी दटावलं. संदेशने त्याच्याकडे बघितलं आणि हसला. दात दिसले, चांगला हसला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "रंगात आलाय." मागून कोणीतरी शिट्टी मारली. लोक टाळ्या देऊन त्याला चढवायला लागले, तसा तो अजून डोलला. मी पण टाळ्या वाजवत होते. पुढून बघणाऱ्याला ढोल दिसतो, झब्बा दिसतो, चेहरा दिसतो. पाठ दिसत नाही. त्याचा झब्बा पाठीवर सुकून कडक झाला होता, आणि ते बघायला मागे फक्त खजुराची झाडं होती.

तो पुढेच पडला, ढोलावर. ढोल बांधलेला माणूस सरळ पडत नाही. ढोलावरून लवंडतो, अर्धवट लटकतो. आमचे हे ताशा टाकून धावले. मी धावले. अंग तव्यासारखं. उताणा करायचा तर ढोल सोडायला हवा, ढोल सोडायचा तर गाठ सापडायला हवी. गाठ आत खोचलेली, घामाने आवळलेली, कोणाच्या नखाला येईना. लाल पेटी आली. तिच्यात पट्ट्या होत्या, मलम होतं, ग्लुकोज होतं, आणि बोथट टोकाची इवलीशी कात्री, कागद कापायची. तीन पदरी शेल्यावर ती नुसती सरकत होती. ह्यांनी दात लावले. पराग हाताने ओढत होता आणि रडत होता. शेवटी मजऱ्यातून कोणीतरी खजुराचे घड उतरवायचा कोयता आणला, त्याने शेला कापला. मी तीन वर्षं जी गाठ एका हिसक्यात सोडत होते ती कोणालाच सुटली नाही. आणि त्याच वेळी अर्बाब उठला, त्याने हात वर केला. मगरिबची बांग सुरू झाली. सगळे उभे होते तसे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेला, थोडं आधी गार केलं असतं तर.

पुढचं सांगायला मला कंटाळा येतो. पथकाच्या ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं आली, मग लोक हळूच लिहायला लागले. त्याला बीपी होतं म्हणे. कंपनीने सकाळी बोलावलं त्यांची चूक. त्याने सांगायला नको होतं का? आयोजकांनी आम्हाला विशेष चषक दिला. असला चषक घेतला कोणी आणि ठेवला कुठे, मला माहीत नाही. परागने पुढच्या उन्हाळ्याआधी नोकरी बदलली आणि गेला. दोन वर्षांनी पथक पुन्हा उभं राहिलं, नवा प्रमुख आला, त्याच्यानंतर अजून एक. आता म्हणे शेल्याऐवजी पट्टे आहेत, बटण दाबलं की सुटणारे. चांगलं आहे. मला बोलावतात, मी जात नाही. लोकांना वाटतं मी स्वतःला दोष देते. तसला माझा स्वभाव नाही. मला राग येतो. जी गोष्ट एका अडाणी प्रश्नाने आणि मागे उभ्या राहिलेल्या एका बाईने भागत होती, ती तुम्ही छान दिसावं म्हणून पुसून टाकलीत. दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात. त्याचं तर पायघड्या घालून, टाळ्या वाजवत आणलं.

नानांना मी फोन केला होता. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मागे कोण होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही नाना." त्यांनी फोन ठेवला.

आणि सुवर्णाचा फोन आला. महिनाभराने असेल, नवरात्र बसलं होतं. तिचा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता. एकदम बारीक, शाळेतल्या मुलीसारखा. म्हणाली, "वैनी, मी संदेशची बायको." मग म्हणाली, ते नेहमी सांगायचे, माझी काळजी करू नको, माझ्या मागे एक वैनी असतात, खवचट आहेत पण हलत नाहीत. ती म्हणाली, "तुम्ही मागे होतात मा त्यांच्या?"

खोटं बोलता आलं असतं. आमचे हे समोर बसून मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. मी म्हटलं, "नाही गं. त्या दिवशी मला पुढे बसवलं होतं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता, भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ही शिव्या देईल, द्याव्यात. ती म्हणाली, "मगे तुम्ही त्यांचा तोंड बघितलात."

"हो," मी म्हटलं.

"कसा होता?"

मी डोळे मिटले. तीन वर्षांची पाठ मला जशीच्या तशी दिसत होती, डाव्या खांद्याखाली भिजलेली. चेहरा एकदाच धड बघितलेला.

"हसत होता," मी म्हणाले. "सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो हसत होता."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी खोटं बोलले नव्हते. पुढून तसंच दिसत होतं.